बंद म्हणून लिहिलेलं दार

एक शिवणयंत्र. सुईखाली अर्धं शिवलेलं झबलं, तसंच.

एक सासू, भर उंबरठ्यात खुर्ची टाकून मटार सोलणारी.

एक कुलूपवाला, पायरीवर गार झालेला चहा पिणारा.

एक बेलीफ, कोर्टाचे हुकूम बजावणारा. चकचकीत बूट पुन्हा पुसणारा.

चौघं एकाच घरात नि दारात. पाचवी समोर रस्त्यात उभी: थोरली सून, शिवणकाम करणारी. नवरा गेला तशी सासूने तिच्या खोलीला कुलूप घातलं. "नवरा गेला, हक्क गेला." यंत्र आत राहिलं. तेव्हापासून ती मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात हाताने काजं करत होती. शेवटी कोर्टाने खोली तिला द्या म्हटलं. बजावणीचं काम बेलीफ असलेल्या धाकट्या दिराने कोर्टातल्या साहेबांकडून मागून घेतलं. "कायद्याला नातं नसतं, वहिनी." तिला भरून आलं होतं.

"आई, बाजूला हो."

"हो म्हणे! आधी मला ओलांडून जा, मग हुकूम दाखव."

परक्या म्हाताऱ्यांना त्याने खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं होतं, नि घरी येऊन पोटभर जेवला होता. आज मात्र तो बूट न्याहाळू लागला.

"वहिनी, घरातलं घरात मिटवू. आईचं वय बघा."

"भाऊजी, परवा काढलीत ती बाई काय तरुण होती?"

कुलूपवाल्याला ठसका लागला. दिराने त्याच्याकडे डोळे वटारले, कागद गुडघ्यावर धरला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "घर बंद. कोणी आढळलं नाही."

सासूने उघड्या दारात एक मटार तोंडात टाकला.

कुलूपवाल्याने हळूच हातोडा पुढे केला. "घ्या, ताई. खोलीचं कुलूप एका घावात सुटेल. मी काही पाहिलंच नाही."

तिने तो हातात घेतला. यंत्र दोन भिंतींपलीकडे होतं. मग परत दिला.

"मी कुलूप मोडलं, की गुन्हेगार मीच ठरेन, नि यांचं खोटं झाकलं जाईल. मला हातोडा नको. पाहिलंत तेवढं कोर्टात सांगाल?"

"माझं पोट यांच्या कामांवर आहे, ताई." त्याने दिराकडे पाहिलं, मग दाराकडे. "पण दार उघडं आहे, हे खरं."

"चला मग."

"वहिनी!" मागून हाक आली. ती वळली नाही.

"कोर्टात जा, कायदा तुमच्या बाजूने आहे," असं तिला सर्वांत आधी दिरानेच सांगितलं होतं.