सहीसाठी कराचीला गेलेला फॉर्म

या, असे जवळ या. दारात उभ्याने ऐकायची ही गोष्ट नाही. पंखा जरा हळू करा, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी सगळ्यांवर एक नजर फिरवतात, कोण आलं, कोण राहिलं. तशी माझीही फिरू द्या. हं. आज तुम्हाला एका कागदाची गोष्ट सांगतो. साधा विम्याचा फॉर्म. माझ्याच बॅगेतला. तो कराचीच्या तुरुंगात जाऊन परत आला.

चिंचणीत मला सगळे तात्या म्हणतात. पोटासाठी गाड्यांचे विमे उतरवतो आणि कुठं कीर्तन असलं की पुढच्या रांगेत जाऊन बसतो. माझ्यापासून चार घरं सोडून मयूरी राहते, सासूबरोबर. सासूचं नाव भिकी, आम्ही भिकीआजी म्हणतो. मयूरीचा नवरा धनेश पोरबंदरच्या एका बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालायची. चार वर्षांपूर्वी दिवाळी करून गेला तो गेलाच. पाण्यावर रेघ कुणाला दिसते? पण ती ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी बोट धरली, आणि सहा खलाशांसकट धनेश कराचीला.

त्याची पांढरी इको व्हॅन दारात उभी राहिली. पहिल्या सहा महिन्यांत मयूरी ती चालवायला शिकली आणि बर्फातली मासळी घालून कासा, तलासरीच्या बाजाराला जायला लागली. विमा मी दरवर्षी वेळेवर उतरवत होतो. त्याला मालकाची सही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी माघात ती अर्ज घेऊन पालघरला गेली, कलेक्टर कचेरीत. सुटणाऱ्यांच्या यादीत धनेशचं नाव आहे का, ते विचारायला. गाडी डहाणू स्टेशनाजवळच्या पार्किंगमध्ये लावली, पैसे देऊन, पावती घेऊन, आणि पुढं ट्रेनने गेली. दुपारी परत येते तर समोरची काच फुटलेली, आरसे लोंबतायत, सीटा ब्लेडने फाडलेल्या, आणि बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत खिळ्याने ओढलेलं. तिचा फोन आला तसा मी धावलो. पार्किंगवाला जिव्या तिच्यासमोर हात जोडून उभा.

"मी चहाला गेलेलो, वहिनी. दोन मिनटं."

"दोन मिनटांत एवढं? मोठाच कप असेल तुझा."

जिव्याने पावती पुढे केली. "हे बघा, लिवलंय ना, गाडी मालकाच्या जबाबदारीवर."

"मग बोलव मालकाला," मयूरी म्हणाली. "मी दोन वर्षं बोलवतेय. तुझ्या हाकेला येतो का बघ."

बिचाऱ्या जिव्याला काही कळलं नाही. तो खरंच इकडेतिकडे बघायला लागला.

पोलिसांत तक्रार झाली, पंचनामा झाला. तिसऱ्या दिवशी कंपनीकडून नुकसान बघायला वापीहून धर्मेशभाई आले. भला माणूस. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढले, ओट्यावर बसून पाणी प्यायले.

"टेन्शन नको, बेन. सगळं बसतंय पॉलिसीत. फक्त मालकाची सही जोईए."

"मालक पाकिस्तानात आहे."

धर्मेशभाई आधी हसले, मग माझं तोंड बघून थांबले. "मग मुखत्यारपत्र करा."

"त्यावर सही कोणाची?" मयूरीने विचारलं.

"तेपण खरं." त्यांनी घाम पुसला. "माणूस नसला तर वारसाच्या नावावर होतं. त्याला दाखला लागतो."

"कसला दाखला रे, बाबा?" भिकीआजीने विचारलं.

धर्मेशभाई काढलेले फोटो चाळायला लागले. आजीला कळलं. ती उठली आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील विनाकारण उलटेपालटे करत राहिली.

धर्मेशभाई गेल्यावर मी, खोटं का बोलू, हळूच म्हणालो, "मयूरी, सही तूच कर. धनेशची सही ती काय, एक ध आणि पुढं शेपटी. कोण बघतंय?"

"तात्या, काल बुवा हरिश्चंद्राचं आख्यान लावून बसलेले, तेव्हा पुढच्या रांगेत मान कोण डोलवत होतं?"

मी पेनाला टोपण लावलं.

मग तीच मऊ झाली. "सही मला येते, तात्या. डोळे मिटून येते. पण मी केली, तर तो नसला तरी भागतं असं होईल ना? आज विम्याला भागेल, उद्या बँकेला, मग सगळ्यालाच. नाही भागत. माझं नाही भागत."

विचार करून तिनेच मार्ग काढला. मच्छीमारांच्या संघटनेतर्फे तिकडे पत्रं जातात. काही पोचतात, काही नाही. पत्रासोबत फॉर्मही पाठवायचा. मी भरायला बसलो. गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, तारीख. "चालकाचे नाव" या रकान्यापाशी आलो तशी तिने कागदावर हात ठेवला.

"हे नका ना लिहू."

"का गं?"

"त्याला ठाऊक नाही मी गाडी चालवते ते. मुद्दाम कधी कळवलं नाही." ती लाजली, दोन वर्षांत पहिल्यांदा. "तो सुटेल ना, तात्या, ट्रेनमधून डहाणूला उतरेल, पिशवी घेऊन रिक्षा बघत बाहेर येईल. आणि मी समोर, स्टेअरिंगवर. हॉर्न मारणार. त्याचं तेव्हाचं तोंड मला बघायचंय."

काय सांगू तुम्हाला. माझा पेन उचलेना. पण पंचनाम्यात तिचंच नाव होतं, फॉर्मवर दुसरं घातलं तर क्लेम गेलाच. मी तसं सांगितलं. तिने एकदा दारातल्या गाडीकडे बघितलं. मग हात काढून घेतला.

"लिहा. मयूरी. नातं, बायको."

फॉर्म गेला. फुटक्या काचेची गाडी ताडपत्रीखाली, आणि मयूरी मासळीच्या पाट्या घेऊन कासाच्या जीपमध्ये दाटीवाटीने. सहा महिने गेले, कंपनीचं पत्र आलं, कागद अपुरे, फाइल बंद. ते मी तिला दाखवलं, तिने घडी करून डब्यात ठेवलं. पोस्टमनची वाट बघणं मात्र सुटलं नाही. दाराशी सायकल वाजली की दोघी सासू-सुना हातातलं काम टाकून बाहेर.

अकराव्या महिन्यात पाकीट आलं. पत्र नव्हतं. नुसता फॉर्म. खाली सही, ध आणि शेपटी. आणि "चालकाचे नाव" या रकान्याच्या बाजूला, समासात, वर, खाली, जिथं म्हणून कोरी जागा होती तिथं निळ्या पेनाने बारीक अक्षरं:

"खरंच? कधी शिकली? कोणी शिकवलं? रिव्हर्स जमतो का? उतारावर लावशील तेव्हा चाकाला दगड लाव, हँडब्रेक ढिला आहे. आईला पुढे बसव, मागे तिला मळमळतं. गाडी नीट करून घे."

मयूरीने मोठ्याने वाचलं. हँडब्रेकपाशी थांबली. "तो तर मी कधीच नवा टाकला," ती म्हणाली, आणि मग तिला पुढचं वाचता येईना. उरलेलं मी वाचलं.

मळमळीचं वाक्य ऐकून आजी म्हणाली, "मळमळायचं बंद झालं माझं. सांगायला पायजे त्याला."

धर्मेशभाईंनी खटपट करून फाइल उघडून घेतली. पण अट एक: फॉर्म ओरिजिनल हवा. तो फाइलला लागणार, परत मिळणार नाही.

"झेरॉक्स द्या त्यांना," मयूरी म्हणाली. "हा मी देणार नाही. नको मला काच."

"बेन, झेरॉक्स नाही चालत."

तिने फॉर्म उलटा केला आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. पेन दाबून लिहिलेलं, त्याचे उंचवटे कागदाच्या पाठीवर हाताला लागत होते. झेरॉक्समध्ये ते कुठून येणार?

मी एकदा बोलून चुकलो होतो. बोलली ती आजी.

"पोरी, त्याला तिथं काय आहे करायला? वर्षभरात एवढं एकच काम त्याच्या हातून घरासाठी झालं. सही केली त्यानं, काच बसावी म्हणून. ती वाया घालवू नको. दे."

मयूरीने तो दिला. देताना दोनदा परत मागितला, दोनदा बोट फिरवलं. तिसऱ्यांदा धर्मेशभाईंनी स्वतःच पाकीट पुढे धरलं आणि तिचं होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

क्लेम पास झाला. काच बसली, सीटा शिवल्या, रंग मारला. मयूरी पुन्हा तलासरीला जाते. मधे दोनदा याद्या निघाल्या, माणसं सुटली, वाघा सीमेवरून घरी आली. दोन्ही याद्या मी वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचल्या. त्याचं नाव नाही.

तर गोष्ट एवढीच. आमच्याकडे आरती झाली की बुवा थांबतात, आणि समुद्रावरून परतायचं राहिलेल्यांची नावं घेतली जातात. तुमच्याकडे अशी रीत नसेल. नसू दे. पण आज घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, तेव्हा एक नाव आठवणीने घ्या: धनेश, भिकीचा मुलगा, मयूरीचा नवरा, चिंचणीचा तांडेल.