शंभराच्या खाली सहा

चौऱ्याण्णव हा आकडा वाचून मर्ल स्टाविनोहाला आधी बरंच वाटलं होतं. कागदावर त्याच्या बेसबॉल संघाचं नाव, त्याखाली फलंदाजी, आणि समोर चौऱ्याण्णव. शाळेत त्याला कुठल्याच विषयात साठाच्या वर मिळाले नव्हते. कागद दुमडून त्याने शर्टाच्या खिशात घातला आणि खाली जाऊन, कपडे बदलणाऱ्या फलंदाजांना सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तुम्हाला शंभरात चौऱ्याण्णव दिलेत, आता शेफारू नका.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. फक्त तेओ बरेरास बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. तो मागच्या वर्षापर्यंत एका मोठ्या क्लबात होता, तिथे असले कागद रोज भिंतीवर लागायचे.

"कोच, ते मार्क नाहीत," तो हळूच म्हणाला. "शंभर म्हणजे लीगमधला सर्वसाधारण संघ. आपण त्याच्याही सहा खाली आहोत."

मर्लला वाटलं तो चेष्टा करतोय. त्यांचा पिएद्रा आल्ता गावचा संघ लीगमध्ये सगळ्यात जास्त धावा काढत होता, सामन्याला जवळजवळ सहा. शंभर वेळा बॅट हातात घेतली तर एकोणतीस वेळा सुरक्षित फटका, हेही लीगमध्ये सगळ्यात वर. अकरा वर्षं तो या संघाचा फलंदाजीचा कोच होता आणि इतकं चांगलं वर्ष त्याला आठवत नव्हतं. शिवाय त्याचा करार या महिन्याअखेर संपत होता. गुरुवारी मालकीणबाई, लोर्ना हॅस्केट, त्याला समोर बसवून नवा करार करायचा की नाही ते ठरवणार होत्या, आणि यंदा पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावर हे कागद असणार होते.

तो जिना चढून वर गेला. आकडेवारी बघणारी नदीन ओकरलंड जूनमध्ये कामाला लागली होती. तिने त्याला खुर्ची दिली, आणि त्याने विचारायच्या आधीच ती सांगायला लागली, म्हणजे हा येणार हे तिला ठाऊक असावं.

आपलं मैदान साडेसहा हजार फूट उंचीवर आहे, ती म्हणाली. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. खालच्या गावात जो फटका झेलला जाईल तो इथे कुंपणापलीकडे पडतो. म्हणून इथल्या धावा थोड्या कापून मोजायच्या.

"पण चेंडू आमच्याच पोरांनी मारला ना? हवेने तर बॅट धरली नव्हती."

"पाहुणे संघही इथे येऊन तेवढंच मारतात, कोच. खरं तर तुमच्यापेक्षा थोडं जास्तच."

"ते आपले चेंडू टाकणारे पिचर भिकार आहेत म्हणून."

नदीनने दुसरा कागद पुढे सरकवला. तेच भिकार पिचर परगावी खेळतात तेव्हा सामन्याला चारच धावा देतात. मर्लने तो कागद बराच वेळ पाहिला. आकडे खरे होते, आणि आकडे सांगत होते ते त्याला पटतही होतं. पण मग सहा महिने त्याने डोळ्यांनी जे पाहिलं ते काय होतं, हे त्याला कळेना. एखाद्याने सांगावं, तुझं घर छान आहे, फक्त ते टेकडीवर असल्यामुळे उंच दिसतं, तसं काहीतरी. घर तर तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीन स्वतःहून खाली मैदानात आली. खेळाडूंच्या बाकावर त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, तिला रात्रभर चैन पडली नव्हती, कारण तो आकडा त्याच्यावर थोडा अन्याय करतो असं तिला वाटत होतं.

विरळ हवेत चेंडू लांब जातो, तसा तो वळतही कमी, जवळजवळ एक पंचमांश कमी. इथले फलंदाज ते कमी वळण बघून सरावतात. मग खाली नदीकाठच्या गावी गेले की तोच चेंडू आणखी बोटभर खाली पडतो आणि बॅट त्याच्या वरून जाते. तिने परगावच्या प्रत्येक दौऱ्याचे सामने दिवसाप्रमाणे वेगळे काढले होते. पहिल्या दिवशी एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी एकशे तीन.

"म्हणजे डोळा जमायला दोन दिवस लागतात," ती म्हणाली. "तुमची पोरं वाईट नाहीत. गुरुवारी मी हे लोर्नाबाईंना दाखवणार आहे."

मर्लने तिचे आभार मानले. ती गेल्यावर तो तिथेच बसून राहिला, कारण त्या तीन आकड्यांमधला पहिला त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

पहिल्या दिवशी तो सराव घेत नसे. बसने अकरा तास प्रवास करून पोरं आंबून जायची. तो म्हणायचा, झोपा, जेवा, संध्याकाळी ताजे होऊन खेळा. हा त्याचाच नियम होता, अकरा वर्षांपूर्वी त्यानेच घातलेला, आणि त्याबद्दल पोरं त्याच्यावर जीव टाकत. पहिल्या दिवशीचा पराभव तो नेहमी बसच्या खात्यात टाकी. आता कळत होतं की पोरं त्या गावातला पहिला वळणारा चेंडू थेट सामन्यातच बघत होती. नदीन दौऱ्यावर जात नसे आणि कोणी कधी सराव केला याचा रकाना तिच्या कागदात नव्हता. हे माहीत असलेला माणूस तो एकटाच.

की हेही चूक होतं? कदाचित बसच कारण असेल. कदाचित सराव घेतला असता तर थकून एकाहत्तरचे पासष्ट झाले असते. आठवड्यापूर्वी त्याला फलंदाजीतलं सगळं कळत होतं. आता त्याला नुसतं एवढं कळत होतं की कुठून विचारायला सुरुवात करावी तेही कळत नाही.

गुरुवारी लोर्नाबाईंच्या ऑफिसात तिघं बसले. लोर्नाबाई ट्रॅक्टर विकण्याच्या धंद्यातून आलेल्या, मर्लच्याच वयाच्या. नदीनने तिचं म्हणणं नीट मांडलं. घरची हवा, परगावचं वळण, चौऱ्याण्णव दिसतं तेवढं वाईट का नाही. लोर्नाबाई मान डोलवत होत्या, पण त्यांची नजर खिडकीबाहेर होती.

"पोरी, मला एकच सांग," शेवटी त्या म्हणाल्या. "आपण चांगले मारतो की वाईट?"

"सर्वसाधारणच्या आसपास. नक्की सांगणं अवघड आहे."

"सबंध उन्हाळा लोक खुर्च्या सोडून उभे राहून ओरडतायत, आणि मी सर्वसाधारण बघतेय होय." त्यांनी ड्रॉवर उघडला आणि टाइप केलेला करार मर्लपुढे ठेवला. दोन वर्षांचा. खाली त्यांची सही आधीच होती. "मला यातलं ओ की ठो कळलं नाही, मर्ल. पण सहा धावा मला कळतात. कर सही."

पेन कागदाशेजारीच होतं. मर्लने ते उचललं. नदीन त्याच्याकडे बघून हसत होती. त्याने पेन खाली ठेवलं.

"पहिल्या दिवशी मी सराव घेत नाही," तो म्हणाला.

लोर्नाबाईंना आधी कळलंच नाही. त्याने पुन्हा, सावकाश सांगितलं. बस, झोप, एकाहत्तर. अकरा वर्षं. नदीनचं हसू विरलं. तिने कागद ओढून घेतला, पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी मनात मोजायला लागली.

"म्हणजे ते सामने तुझ्यामुळे गेले?" लोर्नाबाईंनी विचारलं.

"गेले असतील. मला माहीत नाही."

"तिला माहीत आहे?"

"नाही," नदीन म्हणाली. "एकदा उलट करून बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि एकदाने पुरणार नाही. वर्ष तरी लागेल."

लोर्नाबाईंनी करारावरच्या स्वतःच्या सहीकडे पाहिलं. ही अर्धी गोष्ट मला सांगायची काय गरज होती, असं त्या म्हणाल्या, पण ओरडून नाही. मग त्यांनी दोनवर काट मारली, वर एक लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली. "वर्ष लागेल म्हणतेय ना ती," त्या म्हणाल्या. "मग वर्ष घ्या." मर्लने सही केली. ही शिक्षा होती की विश्वास, हे त्याला जिना उतरतानाही ठरवता आलं नाही.

हंगामातला शेवटचा दौरा नदीकाठच्या ‘कॅलहून बेंड’ या गावचा होता. बस दुपारी एकला पोचली आणि दोन वाजता सगळे मैदानात हवेत, असं त्याने सांगितलं, तेव्हा बसमध्ये आधी कोणाला खरंच वाटेना. मग कुरकुर सुरू झाली. एकाने बॅग जमिनीवर आपटली.

"कोच, आमच्या हातून काय पाप झालं?" तेओने विचारलं.

"तुमच्या नाही."

तो स्वतःच चेंडू टाकायला उभा राहिला. नदीकाठची हवा दमट होती, अंगाला चिकटत होती. त्याने टाकलेला चेंडू तेओच्या गुडघ्यापाशी येऊन असा खाली गेला की तेओची बॅट चांगली वीतभर वरून फिरली. मागे कोणीतरी शीळ घातली. तेओने चेंडूकडे पाहिलं, मर्लकडे पाहिलं, आणि पुन्हा पवित्रा घेतला.

दुसरा. वरून गेला. तिसरा. वरून. चौथा बॅटच्या कडेला लागून मागे उडाला.

"बरं होतंय की आणखी बिघडतंय?" तेओ ओरडला.

"काही कळत नाही," मर्ल म्हणाला, आणि बादलीतून पाचवा चेंडू घेतला.