आजींच्या पुस्तकांचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर माझा तुमच्यावरही विश्वास नाही. राग मानू नका. संशय घेणं हेच माझं काम.

कारागिराने मला कानशीने घासून चकचकीत केलं आणि या घरच्या आजींनी मला पुस्तकांच्या कपाटासाठी आणलं. आजी मोठ्या देवभक्त आणि तितक्याच पुस्तकवेड्या. आधी प्रार्थना, मग वाचन, आणि मध्ये कोणी बोललं की कपाळाला आठी. त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. आजोबा तर कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून असायचे. आल्यागेल्याला मला दाखवून आजी म्हणायच्या, याच्यामुळे मी निर्धास्त असते. मी फुगून जायचो.

धाकटी सून नवी असताना तिच्या हातून आजींच्या लाडक्या पुस्तकावर तेल सांडलं. आजी भडकल्या. देवासमोर हात जोडून त्यांनी सगळ्यांदेखत शपथ घेतली, की जिवात जीव आहे तोवर या पोरीच्या हातात पुस्तक देणार नाही. सून बिचारी मान खाली घालून उभी राहिली. बिचारी कसली! मी तेव्हापासून तिच्यावर डोळा ठेवून होतो.

माझा संशय खरा निघाला. दुपारी आजींचा डोळा लागला की ही बया दबकत यायची, मला हलकेच ओढायची आणि मी चक्क उघडायचो! कपड्यांच्या घडीत लपवून पुस्तक न्यायची, वाचून जागच्या जागी ठेवायची. पण चोरी ती चोरीच. किल्ली फिरवल्याशिवाय माझी कडी पक्की बसत नाही. आजी रोज किल्ली घालायच्या, तरी आत काही हललेलं जाणवायचं नाही. मला वाटलं, आपलाच खटका झिजला, वय झालं, दुसरं काय! आजींची फसवणूक चाललीय आणि आपल्याला ओरडताही येत नाही, या विचाराने मी आतल्या आत जळायचो.

पुढे आजी गेल्या. थोरला मुलगा पुस्तकं बघायला आला. किल्ली काही सापडेना, तेव्हा मला तोडायला त्याने हातोडी मागवली. धाकटी सून घाईने पुढे झाली आणि तिने मला ओढून उघडलं. थोरला तिच्याकडे बघतच राहिला. यातली किती पुस्तकं विकलीस, असं त्याने तोंडावर विचारलं. आता सापडली, म्हणून मी खूश झालो.

"विकलं एकही नाही, भाऊजी," ती रडत म्हणाली. "पण आईंपासून चोरून वाचली सगळी."

तेव्हा कोपऱ्यातून आजोबा बोलले.

"चोरून कसली, पोरी? तुझी सासू मला म्हणायची, देवासमोर बोलून बसले, आता हिच्या हातात पुस्तक देता येत नाही. पण कुलूप लावीन अशी शपथ कुठे घेतलीय? किल्ली नुसती घालून काढायची ती."

थोरल्याने हातोडी खाली ठेवली. माझी तर मान खाली गेली. सून कपाटासमोर बसली आणि कितीतरी वेळ एकेका पुस्तकावरून हात फिरवत राहिली.

"दोघी तीच पुस्तकं वाचत होतो," ती म्हणाली, "आणि एकदाही त्यांना विचारलं नाही, की कोणतं आवडलं."

मित्रांनो, पुस्तकं जपा, त्यांना वाळवी लागू देऊ नका. पण तुमच्या घरात कोणी गुपचूप वाचताना दिसलं, तर त्याला विचारा, काय वाचलंस? दोघंही आहात तोवर विचारा.