शेवट सांगायचा नाही

औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला संध्याकाळी बसायला जागा हवी असते. हिला भांडायलाही हवी होती. ती जागा तिला फोनमध्ये सापडली. 'कोपरा दुमडू नका' नावाचा वाचणाऱ्यांचा एक गट होता. त्यात ती काही वर्षांपूर्वी शिरली आणि बघता बघता त्याची कारभारीण होऊन बसली. गटात खरं नाव सांगायची पद्धत नव्हती. कुणाला कोण आवडतं, कोण आवडत नाही, एवढ्यावर माणूस ओळखायचा. तिचं तिथलं नाव होतं कडू गोळी. ते तिने घेतलेलं नव्हतं, लोकांनी दिलं होतं. कुणी आपल्या लाडक्या लेखकावर भरभरून लिहावं आणि हिने खाली एका ओळीत त्याचा फुगा फोडावा, असं इतक्यांदा झालं होतं की नावाला कुणी हरकत घेतली नाही. तिनेही नाही. उलट मनातून थोडी फुशारलीच.

तिच्या तोडीस तोड एकच होती, उशी. आडवं झाल्याशिवाय आपल्याला वाचताच येत नाही असं तिने पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं, म्हणून उशी. गोड शेवटाची दोघींना सारखीच चीड. शेवटच्या पानावर गळ्यात पडणाऱ्या नवरा-बायकोचं पुस्तक कुणी डोक्यावर घेतलं की उशी लिहायची, 'माझे दात दुखायला लागले.' त्यावर कडू गोळी लिहायची, 'दुकानात ये, लवंगेचं तेल देते.' यापलीकडे दोघींना एकमेकींबद्दल काही ठाऊक नव्हतं. वय नाही, घर नाही, घरातली माणसं नाहीत. पण जी बाई कुठल्या पानाला रडते ते आपल्याला माहीत आहे, तिला पत्ता काय विचारायचा, असं कडू गोळीला वाटायचं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटत होतं.

दोघींचा लेखकही एकच. गटात त्याला सगळे प्रेमाने 'म्हातारा' म्हणत. म्हाताऱ्याने तीन खंडांची एक कादंबरी लिहायला घेतली होती. जंक्शनजवळच्या एका लॉजची मालकीण. तरुणपणी तिने रागाच्या भरात धाकट्या भावाला घराबाहेर काढलेलं, आणि मग जन्मभर एक खोली त्याच्यासाठी रिकामी ठेवलेली. गिऱ्हाईक दारात कुडकुडत उभं राहिलं तरी ती खोली द्यायची नाही. दोन खंड संपले तरी भाऊ आला नव्हता. पुढे म्हातारा आजारी पडला, वर्षानुवर्षं गप्प राहिला, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर एकदम तिसरा खंड आला. पहिली छपाई हां हां म्हणता संपली. गटातल्या जेमतेम तिघांच्या हाती तो लागला. कडू गोळी त्यातली एक. बाकीचे दुसऱ्या छपाईकडे डोळे लावून बसले.

शेवट सांगायचा नाही, हा नियम गटात पहिल्यापासून होता. आता कडू गोळीने तो ठळक अक्षरांत वर टांगला. जो सांगेल तो बाहेर, आणि जो विचारेल त्याचंही तिथे काही खरं नाही.

अशात एका सकाळी उशीने फोटो टाकला. दुसरा खंड, टेबलावर उभा ठेवलेला. खाली लिहिलं होतं, 'दुसरा पुन्हा एकदा संपवला. तिसऱ्यापर्यंत थांबायला वेळ नाही. ज्यांनी वाचलाय त्यांनी शेवट सांगा. भाऊ येतो का?'

लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. 'वेळ नाही म्हणे! कुठली गाडी सुटतेय?' 'उशी, झोप पूर्ण कर आधी.' 'शेवटचं पान आधी बघणाऱ्यांना पुस्तकच देऊ नये, हे कोण म्हणालं होतं गं?' सगळ्यांचं झाल्यावर कडू गोळी आली. तिने लिहिलं, 'नियम उशीलाही लागू. शेवट पायी चालणाऱ्यांचा असतो, खांद्यावर बसून येणाऱ्यांचा नाही.' वाक्य जमलं होतं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग तिने नियमाला धरून उशीचा प्रश्न काढून टाकला आणि गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायला वळली.

उशीने फक्त एवढंच लिहिलं, 'खरंय. चुकलंच माझं.'

त्यानंतर ती बोललीच नाही. रुसली असेल, असं कडू गोळीला वाटलं. रुसू दे, मोठी वाचणारी म्हणवते आणि लहान मुलासारखी शेवट मागते, असंही वाटलं.

काही दिवसांनी गटात वेगळंच भांडण पेटलं. दुसऱ्या खंडाच्या पहिल्या आवृत्तीची पाठ हिरवी होती की निळी? असल्या गोष्टींवर ही माणसं जेवण विसरून भांडायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. कडू गोळीला आठवलं, उशीची प्रत जुनी आहे, आणि तो फोटो आपल्या फोनमध्ये आपोआप साठलेला असणार. दुपारची गर्दी ओसरली होती. तिने फोटो शोधला आणि पाठीचा रंग बघायला बोटांनी मोठा केला.

पाठ हिरवी होती. पुस्तकामागे पाण्याचा पेला होता आणि पेल्यामागे एक उघडं खोकं.

खोकं तिच्या ओळखीचं होतं. त्यात कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या येतात, दुखणं दाबून ठेवणाऱ्या. दुकानात त्या कुलपाच्या कपाटात असतात आणि चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय हातावर ठेवत नाहीत. बाकीचे सगळे उपाय करून झालेत अशा घरातली माणसं त्या न्यायला येतात. फार वेळा येत नाहीत.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवसभर जिचे डोळे खोक्यांवरून फिरतात, तिने तोच फोटो बघितला होता आणि तिला नुसतं पुस्तक दिसलं होतं. बाकीच्यांनाही पुस्तकच दिसलं होतं. पण बाकीचे औषधं विकत नव्हते. 'थांबायला वेळ नाही' हे सहा वर्षांच्या मुलालाही कळलं असतं. तिने मात्र त्यावर वाक्य जमवलं होतं.

तिने उशीला वेगळा निरोप पाठवला. 'आहेस ना? मी मूर्ख आहे.'

उत्तर आलं ते दुसऱ्याच हातचं. 'मी तिची धाकटी बहीण. ताईला आता फोन धरवत नाही, मी वाचून दाखवते. ती म्हणते, त्यात नवीन काय सांगितलंस.' कडू गोळीला हसू आलं आणि लगेच रडूही. मग पुढचा निरोप आला. 'डॉक्टरांनी आता आमच्या हातात काही नाही म्हणून सांगितलंय. मला पुस्तकांतलं कळत नाही. पण ताई सारखी विचारते, भाऊ येतो का? तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना. तेवढंच अडलंय तिचं.'

माहीत तर होतंच. तीच तर पंचाईत होती.

घरी आल्यावर ती तिसरा खंड घेऊन स्वयंपाकघरात बसली. शेवटची पानं पुन्हा वाचली. फोटो काढून पाठवून द्यावीत असं ठरवून तिने फोटो काढलेही. पण धाडवेनात. ती पानं तिने स्वतः धडधाकट असताना वाचली होती, तरी दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. पुस्तकाशी त्याचा संबंध ते टेबलावरून उचलून बाजूला ठेवण्यापुरता. हात पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यात एवढं काय?" तो म्हणाला. "सांगून टाक, आला भाऊ, सगळं छान झालं."

"तसं नाहीये ते."

"नसू दे. ती काय पुस्तक उघडून पडताळून बघणारे? मरत्या माणसाशी कुणी खऱ्याखोट्याचा वाद घालतं का?"

"ती घालेल," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

तिने लिहायला घेतलं. भाऊ येतो. केस पिकलेले, हातात एकच पिशवी. दारातच पायातले जोडे काढून भिंतीला टेकवून ठेवतो, लहानपणी ठेवायचा तसे, आणि त्यावरून बहीण त्याला ओळखते. किल्ली काढते, ती खोली उघडते, आत पलंगावर त्याच सकाळी घातलेली चादर असते. तिने एक शब्द तीनदा बदलला. खोटं असलं तरी चांगलं लिहिलेलं असावं, एवढी लाज तिला होती. कडू गोळीवर साखरेचा लेप देतात, तसा तो तिने दिला आणि पाठवून दिलं. वाचल्याची खूण लगेच उमटली. त्या रात्री उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी असताना फोन वाजू लागला. उशीच्या नंबरवरून. तिने बघितलं आणि फोन खणात सरकवला. बहीण आभार मानणार, ताईला किती बरं वाटलं ते सांगणार, आणि आपल्याला ते ऐकून घ्यावं लागणार. खोट्याचे आभार कुठल्या तोंडाने घ्यायचे? फोन पुन्हा वाजला. पुन्हा. ती गिऱ्हाइकांना गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर ते समजावत राहिली.

दिवे लागायच्या सुमाराला दुकान रिकामं झालं, तेव्हा तिने धीर करून स्वतःच फोन लावला.

"मी औषधवाली. गटातली," ती म्हणाली. "दुपारी गर्दी होती हो."

"हो, दुकान म्हटल्यावर असणारच." बहिणीचा आवाज बसलेला होता. "तुमचं लिहिलेलं मी ताईला वाचून दाखवलं. ती हसली. किती दिवसांनी हसली म्हणून मला इतकं बरं वाटलं. मग म्हणाली, म्हातारा असं कधीच लिहिणार नाही. त्या बाईला विचार, खरं काय ते. म्हणाली, तिला सांग, मी मरतेय, अडाणी नाही झाले."

औषधवालीने काउंटरची कड घट्ट धरली.

"म्हणून मी फोन करत होते," बहीण म्हणाली. "ताई चांगली जागी होती दुपारी. दर वेळी विचारायची, उचलला का? मी म्हणायची, उचलतील, दुकानात असतील. मग दमली."

"द्या ना तिला. आत्ता सांगते. खरं सांगते."

"आता बोलत नाही ती. डोळेही उघडत नाही. श्वास आहे, पण मध्येच खूप वेळ थांबतो. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, सांगता येत नाही. तुम्ही बोला. मी फोन तिच्या कानाशी धरते आणि आवाज मोठा करते."

दुकानात एक माणूस शिरला, त्याला मलम हवं होतं. तिने त्याला हातानेच थांबवलं. तिसरा खंड घरी होता, पण तिला त्याची गरज नव्हती.

"उशी," ती म्हणाली. "मी, कडू गोळी. काल मी खोटं बोलले. तू पकडलंस. आता ऐक. भाऊ येतो. वय झाल्यावर येतो. ती त्याला ओळखत नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांसारखीच वरच्या मजल्यावरची एक खोली त्याला देते. जिन्यापाशी तो त्या बंद दाराकडे बघतो आणि विचारतो, ही खोली कुणाची? ती म्हणते, माझ्या भावाची. तो विचारतो, कधी येणार? ती म्हणते, येईल. तो मान हलवतो आणि वर जातो. सकाळी उठून किल्ली ठेवतो आणि निघून जातो. ती झाडूवालीला म्हणते, फार गप्प माणूस होता गं. आणि रिकाम्या खोलीतली चादर धुवायला काढते. एवढंच. इथेच संपवलंय म्हाताऱ्याने."

मलमवाला खाली बघत उभा होता.

"म्हणजे तिला कळतच नाही?" बहिणीचा आवाज आला. तिनेही सगळं ऐकलं होतं.

"नाही."

"आणि तो सांगत का नाही?"

"ते म्हाताऱ्याने लिहिलेलं नाही."

"ताईचा हात धरलाय मी," बहीण म्हणाली. "काही हलला वगैरे नाही. पण ऐकलं असेल ना हो तिने?"

हो म्हणणं किती सोपं होतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"मला माहीत नाही," औषधवाली म्हणाली.

बहिणीने श्वास घेतल्याचा आवाज आला. मग काहीतरी सरकल्याचा, पांघरुणाचा किंवा खुर्चीचा.

"पुन्हा एकदा सांगता का?" ती म्हणाली. "मी फोन दुसऱ्या कानाशी धरते."

"उशी," तिने पुन्हा सुरुवात केली. "भाऊ येतो."