निएवेसच्या वाटचं पाणी

नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा आणि मग बाटली भरायची, असा नियम होता. ओतिलिया हातमोजे घालून नळापाशी उभी होती. मागे खुर्चीत बसलेल्या एर्मिला म्हातारीचा जीव मात्र वर-खाली होत होता.

"अगं, किती वाया घालवशील! तुमच्या प्रयोगशाळेत पाणी आभाळातून पडतं वाटतं?"

"झालंच, दोन्या एर्मिला," ओतिलिया म्हणाली. गावात वयस्क बायकांना मानानं दोन्या म्हणत.

"चायोची पोर ना तू? हिरव्या दाराच्या घरातली? आईवरच गेलीस. तीही झालंच झालंच म्हणायची आणि करायचं तेच करायची."

ओतिलियाला हसू आलं. नऊ वर्षांची होईतो ती याच गल्लीत वाढली होती. गल्लीच्या टोकाला कारखाना होता. चामडं कमावायला लागणारं क्रोमियम तिथे तयार व्हायचं. तो बंद पडून वीस वर्षं झाली, पण टाकाऊ मालाचा पिवळा ढिगारा अजून तिथेच होता आणि नळाला पाणी देणारी विहीर त्याच्याच उताराला होती. ते पाणी पिऊन कॅन्सर होतो, असं सान क्रिस्पीन गावात जो तो कुजबुजायचा. मोजून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. आता चाळीस घरांचं पाणी तपासायचं ठरलं होतं.

कपाटावर निएवेसचा फोटो होता. एर्मिलाची एकुलती एक लेक, ओतिलियाची लहानपणची सवंगडी. अकरा वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरनं गेली. फोटोपुढे काठोकाठ भरलेला पेला होता. मेलेली माणसं लांबून तहानलेली येतात, म्हणून बाकीचे लोक नोव्हेंबरात मृतांच्या सणाला दोन दिवस पाणी ठेवतात. एर्मिला ते बाराही महिने ठेवायची.

"सकाळपर्यंत दोन बोटं कमी होतं," ती म्हणाली. "पिते ती."

हवेनं आटत असेल, असं ओतिलियाच्या मनात आलं. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

प्रयोगशाळेत पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्रोमियमचं विष असल्यास पाणी जांभळट होतं. काही बाटल्या स्वच्छ राहिल्या, काहींवर फिकट गुलाबी छटा आली. एर्मिलाच्या घरची बाटली मात्र द्राक्षाच्या रसासारखी झाली. ओतिलियानं ती तपासणी तीनदा केली. त्या दिवसापासून तिला तो रंग कुठेही दिसू लागला. तोंड धुताना ओंजळीत, मुलीच्या दुधाच्या पेल्यात. डोळे मिटून उघडले की नाहीसा व्हायचा.

पाण्यातल्या विषाचा आकडा सांगायला ती स्वतःच गेली. एर्मिलानं सगळं ऐकून घेतलं आणि फोटोकडे वळली.

"म्हणजे अकरा वर्षं मी तिला हेच पाजतेय?"

"तसं नाही हो. आता तिला काय होणार?"

"आणि त्याआधी?" म्हातारीचा आवाज अगदी साधा होता. "इस्पितळात तिला तिथलं पाणी आवडेना. आई, घरचं आण म्हणायची. मी रोज दोन बाटल्या भरून बसनं न्यायचे. रोज, पोरी. एक दिवस चुकवला नाही."

ओतिलियानं तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी तिनं विकतच्या पाण्याचा मोठा जार आणला आणि पेला स्वतः धुऊन भरला.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा तिथे गेली तेव्हा पेला जसाच्या तसा होता. वर धुळीची साय धरली होती.

"शिवत नाही ती याला," एर्मिला म्हणाली. "ओळखीचं नाही ना."

खिडकी तीच, ऊन तेच. पाणी का आटलं नाही, हे ओतिलियाला सांगता येईना. तिनं पेल्याला बोटही लावलं नाही.

जानेवारीत विहिरीला कुलूप लागलं आणि गल्लीत टँकर येऊ लागला. बादल्यांच्या रांगेत एर्मिलानं ओतिलियाला गाठलं.

"तू किती वर्षं प्यायलीस इथलं?"

"नऊ."

"मग लोकांच्या बाटल्या काय तपासत बसलीस? आधी स्वतःला दाखवून ये."

ओतिलिया इस्पितळात गेली. पोटात दुर्बीण घालून डॉक्टरांनी तपासलं. सध्या काही नाही, दर वर्षी मात्र येत जा, म्हणाले. बाहेर पायरीवर बसून तिनं आधी नवऱ्याला आणि मग एर्मिलाला फोन लावला.

"बरं झालं बाई," म्हातारी म्हणाली. "निएवेसलाही पहिल्या खेपेला असंच सांगितलं होतं."

ओतिलिया पुन्हा आत गेली आणि नोंदणीच्या खिडकीतल्या बाईकडून पुढच्या वर्षीची तारीख लिहून घेतली.