खाण्यासाठीच

तिने थंड डब्याची कड शटरवर आपटली. आतून उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा आपटली. बाजारातल्या त्या ओळीतली सगळीच शटर खाली होती आणि ती हे आज पहिल्यांदाच पाहत होती. एरवी ती मागच्या गल्लीतून यायची. तिथे गाडी लावता यायची, आणि खरं सांगायचं तर कोंबडीच्या दुकानात समोरून शिरताना ओळखीचं कुणी भेटू नये असंही तिला वाटायचं. पण आज गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवली होती. मातीच्या ढिगामागे मागचं दार दिसतसुद्धा नव्हतं.

शटर गुडघ्याएवढं वर गेलं आणि खालून कोंबडीवाल्याचं डोकं बाहेर आलं.

"ताई, तुम्ही इकडून? या, या. वाकून या."

ती वाकून आत शिरली. दिवा लावलेला नव्हता. तराजूवर फडकं टाकलेलं, ठोकळा धुऊन उभा करून ठेवलेला, पिंजरे रिकामे.

"आज दुकान बंद आहे?"

"आठवड्याची सुट्टी. दर आठवड्याला असते." तो हसला. "पण तुमचं काम अडलंय का कधी? अडू देणारच नाही." त्याने ओल्या फडक्यातली पुडी दोन्ही हातांनी पुढे केली. "बघून घ्या. गरम पाणी लागू दिलेलं नाही. डोळ्याला धक्का नाही. आत्ताचंच आहे, तुमची गाडी यायच्या वेळेच्या हिशेबानं."

हे सगळं तिनेच त्याला शिकवलं होतं. पिसं काढायला कोंबडी गरम पाण्यात बुडवली की डोळे वाया जातात. त्याआधीच मुंडकं वेगळं करायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं. पहिल्या दिवशी तो आ वासून बघतच राहिला होता. मग तिने त्याला समजावलं होतं. फरशी पुसायचा साबण डोळ्यात उडाला तर काय होईल, हे बघायला सशाच्या डोळ्यात तो साबण घालतात. त्याऐवजी तुम्ही एरवी फेकून देता ती मुंडकी मला द्या, ससे वाचतील. तेव्हापासून तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटायचा की आपल्या दुकानामुळे सशांचे डोळे वाचतात. गिऱ्हाइकं हसायची, पण त्याचा अभिमान काही कमी व्हायचा नाही.

तिने पुडी उघडली. एक मुंडकं तांबूस, दुसरं पांढरं, काळ्या ठिपक्यांचं. रोजची सगळी पांढरीशुभ्र असत.

"या पोल्ट्रीच्या गाडीतल्या नाहीत," ती म्हणाली.

"काल गाडी आलीच नाही हो. पिंजऱ्यात एक उरली नव्हती. म्हटलं, ताई रिकाम्या हातानं जातील, आणि आज तुमची शेवटची फेरी..."

"सांगा की, कुणाच्या त्या," आतल्या दारातून आवाज आला.

त्याची बायको दारात उभी होती. दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. ती एरवी हसून पाणी विचारायची. आज तिने पदराने तोंड पुसलं आणि जागची हलली नाही.

"माझ्या होत्या," ती म्हणाली. "तांबडी आणि ठिपकी. अंडी द्यायच्या दोघी. तांबडी तर सकाळी दार उघडलं की पायात यायची. यांना वाटलं, मी पाण्याला गेलेय तोवर उरकून घेऊ."

"अगं, दुसऱ्या आणतो म्हटलं ना!"

"आणा. त्या माझ्या पायात येणार आहेत का?"

ती पुडी हातात धरून उभी राहिली. ती परत करावी असं तिला वाटलं, पण परत करून काय होणार? मुंडकं परत लावता येतं थोडंच? आणि डोळे थांबत नाहीत. दोन तासांत बुबुळावरचा पारदर्शक पडदा धुरकट व्हायला लागतो.

"वहिनी, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं असणार? तुम्ही मागच्या दारानं येता."

तिने पुडी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि वाकून बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण पैसेही दिले नाहीत.

प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला ससेघर होतं आणि तिकडूनच जावं लागायचं. तिथले मामा, म्हणजे ससे सांभाळणारे गृहस्थ, पुठ्ठ्याच्या खोक्यांना पेचकसाने भोकं पाडत बसले होते. ससे वापरलेले नव्हते. आणून ठेवलेले होते, वेळ पडली तर म्हणून. तिचा अहवाल मंजूर झाला की ते घरोघरी जाणार होते. मामांनी प्रत्येकासाठी घरं हेरून ठेवली होती, आणि घर बघायला स्वतः जाऊन आले होते, मुलीचं स्थळ बघावं तसे.

"या मॅडम. हा बघा, तुमच्यासारखाच. सारखं नाक हलवतो, स्वस्थ म्हणून बसत नाही."

"नाव ठेवलंत?"

"छे! नियम आहे ना. कानातला नंबर तेवढा." मग ते हळूच म्हणाले, "उद्या दुपारनंतर ठेवीन."

तिला हसायला हवं होतं. ती नुसतीच मान हलवून पुढे गेली.

काम मात्र तिने नीट केलं. तिचे हात अशा वेळी तिचं ऐकत नसत, आपलं आपण करत. डोळा अलगद काढायचा, चिमट्यात उभा धरायचा, वरून मिठाचं पाणी थेंबथेंब सोडायचं, मग साबण, मग धुणं, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहणं. पडदा सुजला नाही, धुरकटला नाही. तांबडीचे डोळे शेवटपर्यंत काचेसारखे स्वच्छ राहिले. इतका चांगला निकाल आजवर आला नव्हता. तिने खुर्ची मागे सरकवली, उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा बसली. घड्याळाचा पट्टा काढला, घातला. मग सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांच्या पुढ्यात तिचाच अहवाल होता. पहिल्याच पानावर तिचं वाक्य ठळक करून टाकलेलं: या चाचणीसाठी एकाही प्राण्याचा जीव घेतलेला नाही, वापरलेले सर्व डोळे खाण्यासाठीच कापलेल्या कोंबड्यांचे आहेत. ते वाक्य लिहिलं त्या दिवशी तिने ते आईला फोनवर वाचून दाखवलं होतं.

"या, या. आजचं कसं आलं?"

"चांगलं आलं. पण साहेब, आजच्या दोन कोंबड्या खाण्यासाठी कापलेल्या नव्हत्या."

"मग कशासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजचा निकाल वगळू या," ती म्हणाली. "उद्या दुकान उघडेल. उद्या परत करते."

"मुदत उद्या सकाळची आहे. तुम्हीच मागून घेतलीत, आधी दोनदा वाढवूनही झाली. वगळा की, मी नाही म्हणत नाही. मग शेवटची फेरी अपुरी. साबण कंपनीचा माणूस सकाळी इथे बसून एवढंच विचारणार, ससे आहेत ना अजून? आहेत. खोक्यांत आहेत. खोक्यातून बाहेर काढायला किती वेळ लागतो?"

ती अहवालातल्या त्या ठळक वाक्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे?" साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. ससेघराकडे ते कधी फिरकत नसत, ते याचमुळे. "बरं, त्या कोंबड्यांचं पुढे काय झालं?"

"म्हणजे?"

"मांसाचं हो. कुणी तरी खाल्लंच असेल ना? मग झालं. खाण्यासाठीच कापल्या."

"साहेब, कारण आधी असतं. कापणं नंतर."

"कारण कुणी बघितलंय? ताटात काय आलं, ते लोक बघतात." त्यांनी अहवाल तिच्याकडे सरकवला. "विचारून घ्या फोन करून. खाल्ल्या असतील तर सकाळी सही करा. नसतील तर मामांना तसं सांगा. तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार."

तिने व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"हॅलो! ताई, कसं झालं? वाचले ना ससे?"

"भाऊ, त्या दोघींचं काय केलंत?"

"काय करणार? ही हात लावू देत नाही. म्हणते, पुरणार. निदान खड्डा खणायला नको, पाइपवाल्यांनी आयता दिलाय." तो हसला, पण हसू लगेच आटोपतं घेतलं. "तिकडंच निघालीय आत्ता, टोपली घेऊन."

"त्यांना थांबवा," ती म्हणाली. "मी येतेय."

सवयीने उचललेला थंड डबा हातात घेऊन, मातीच्या ढिगावरून चढून ती मागच्या दाराशी पोचली तेव्हा तिचे बूट चिखलाने भरले होते. वहिनी चराच्या कडेला उभ्या होत्या. टोपलीवर जुनं पातळ झाकलेलं. कोंबडीवाला फावडं धरून बाजूला, चूक केलेल्या माणसाने राहावं तसा.

"पुरू नका, वहिनी."

"मग काय करू? यांना म्हटलं, विकू नका. माझ्या दारची कोंबडी मी तोलून देणार नाही."

"विकायच्या नाहीत. खायच्यात."

"कोण खाणार? मी नाही. यांच्या घशाखाली उतरली तर यांना विचारीनच मी."

"मी खाते."

वहिनींनी तिच्याकडे नीट बघितलं. ती मांस खात नाही हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावरून तिची थट्टाही व्हायची, रोज कोंबडीच्या दुकानात येते आणि रिकाम्या तोंडाने जाते म्हणून. प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षी तिने एका सशाला मांडीशी धरून ठेवलं होतं. ससा ओरडला नव्हता, नुसता तिच्या हाताखाली जड होत गेला होता. त्या संध्याकाळी तिने ताट बाजूला सारलं, ते आजपर्यंत.

"का?" वहिनींनी विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. पण आज एकदा या बाईचं काहीतरी न विचारता घेऊन झालं होतं.

"मला सकाळी सही करायचीय. या खाण्यासाठीच कापल्या, असं लिहिलंय. ते खरं नसलं तर उद्या सशांच्या डोळ्यात साबण घालतील."

"म्हणजे तुमचं लिहिलेलं खरं व्हावं म्हणून."

"सशांसाठी, वहिनी."

"सशांसाठी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी टोपली उचलली आणि आत गेल्या.

स्वयंपाकघर अरुंद होतं. वहिनींनी नवऱ्याला बाहेरच थांबायला सांगितलं. कुणाशी न बोलता साफ केलं, चिरलं, पातेलं चढवलं. खिडकीखाली एक रिकामं खोकं होतं, त्यात वाळलेलं गवत, आणि गवतात एक अंडं. वहिनींनी ते दोनदा बघितलं, उचललं नाही. ती पाटावर बसली होती आणि तिचे गुडघे हलत होते. तिने हाताने दाबून धरले तरी हलत होते. वाफेचा वास आला तसा तिने तळहाताने कपाळावरचा घाम पुसला. आपण जे करतोय त्याला काय म्हणतात, हे तिला कळेना. खरेपणा म्हणावा तर तो असा मागून शिजवून घेता येत नाही. आणि लबाडी म्हणावी, तर लबाड माणूस असा घाम पुसत बसत नाही.

वहिनींनी ताट पुढे ठेवलं. समोर बसल्या. त्यांच्यापुढे ताट नव्हतं.

पहिला घास तिने पाण्याबरोबर गिळला. दुसरा चावावा लागला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने बाहीने पुसलं आणि खात राहिली. वहिनी तिच्या हाताकडे बघत होत्या, तोंडाकडे नाही.

"मीठ बरोबर आहे ना?"

"हो."

"ही ठिपकी. ती जरा चिवट असणार, मला माहीतच होतं."

ती खात राहिली. बाहेर कोंबडीवाला चरातली माती उगाच इकडची तिकडे करत होता, त्या फावड्याचा आवाज येत होता. शेवटी तिचा हात ताटातच थांबला. तिने मान हलवली.

"पुरे?"

"पुरे, वहिनी. खरंच."

वहिनी उठल्या. पातेल्यात डोकावल्या. मग दाराशी ठेवलेला तिचा थंड डबा उचलून ओट्यावर आणला, झाकण उघडून आतलं ओलं फडकं पिळून बाजूला टाकलं.

"तांबडी सगळी उरलीय," त्या म्हणाल्या. "बांधून देते. सही करायच्या आधी संपवा."