पाठ उन्हात

“अगं, एवढं आलं कुणी मागवलं?” काकांनी विचारलं, आणि कुंपणापलीकडे उसवलेल्या पँटला टाके घालत बसलेला टेलर इतका हसला, की त्याच्या ओठांतली टाचणी गवतात पडली.

काकू हसल्या नाहीत. त्या काकांच्या कुठल्याच विनोदाला हसत नसत, त्यामुळे त्यावरून काही ताडता येण्यासारखं नव्हतं.

“आयरिसच्या फुलांचे गड्डे आहेत ते. मघाशी तुम्हीच उपटलेत ना? आटपा आता, मुळं सुकतील,” म्हणाल्या आणि बादली भरायला आत गेल्या.

काका ढिगाकडे बघत राहिले. गाठीगाठींचे, बोटं फुटलेले, मातकट गड्डे. कुणी काही म्हणो, आलंच होतं ते. विनोद त्यांनी केलाच नव्हता.

काका म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. चौतीस वर्षं त्यांनी बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या आणि निवृत्त झाल्यावर थापांचा कारखाना उघडला. त्यांच्या एका लिफ्टमध्ये एक म्हातारी अडकली, तिनं वेळ जावा म्हणून मफलर विणायला घेतला, सुटका झाली तेव्हा स्वेटर तयार होता आणि तो काकांच्याच मापाचा निघाला. दुसऱ्या एका लिफ्टमध्ये शिरताना अनोळखी असलेलं जोडपं बाहेर पडताना घटस्फोटाचं बोलत होतं. या सगळ्या खोगीरभरतीत खरी गोष्ट एकच होती, आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. काका म्हणायचे, लिफ्ट अडकली की आधी हत्यारं काढायची नाहीत. आधी दारावर दोनदा ठोकायचं. आतल्या माणसाला कळलं पाहिजे, बाहेर कुणीतरी आहे.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र काका स्वतःच दोन मजल्यांच्या मधे अडकायला लागले होते. परवा केस कापून झाल्यावर त्यांनी न्हाव्याला विचारलं, “माझं घर कुठं आलं हो?” सगळं दुकान खिदळलं. न्हावीही काही कमी नव्हता. म्हणाला, “डाव्या हाताला वळा, तिसरं फाटक, बाहेर काकू रागावून उभ्या असतील.” काका त्याच पत्त्यावर घरी पोचले.

लांडगा खरोखरच आला होता, आणि आळी पोट धरून हसत होती.

हसू देत. काकांना तेच हवं होतं. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी वहिनीनं मागच्या खोलीला बाहेरून कडी लावली. काका-काकू भेटायला गेले तेव्हा आतून दारावर नखं ओढल्याचा आवाज येत होता. परतताना बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या होत्या, “वहिनींचं काही चुकलं नाही. माझ्यावर आली असती तर मीही कडीच लावली असती.”

आणि काकू कधी खोटं बोलत नसत. पाहुण्याला ‘बसा अजून’ म्हणायचं, तर तेसुद्धा मनात असल्याशिवाय त्यांच्या तोंडून निघत नसे.

म्हणून काकांना विचारायची सोय नव्हती. दर चार वर्षांनी त्यांनीच या वाफ्यातले गड्डे उपटून, मोडून पुन्हा लावले होते. आज हातांना काही आठवत नव्हतं. प्रत्येक गड्ड्याच्या पानावर पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं, ‘जां’, ‘पि’, ‘जां’. अक्षर स्वतःचं. अर्थ लागेना. आत नळ बंद झाल्याचा आवाज आला.

ज्याला मुळं आहेत ते मातीत जातं, एवढं तर खरं. काकांनी कोपरभर खोल खड्डे घेतले. गड्डे आत लोटले, पानांसकट. माती ओढली, तळव्यानं थापटली, वरून पुन्हा थापटली. वाफा सपाट झाला. दिसायला काही उरलं नाही, तेव्हा कुठं त्यांना श्वास घेता आला.

काकू बादली घेऊन पायरीवर थांबल्या.

“काका, अहो, पुरलेत की काय?” टेलर कुंपणावर रेलला. तो हसायला लागला आणि मधेच थांबला. काकांच्या तोंडाकडे बघत त्यानं हळूच विचारलं, “काका... बरं आहे ना तुम्हाला?”

काकांनी तोंड उघडलं. एक थाप, साधी एक थाप सुचेना.

“मीच सांगितलं त्यांना,” काकू म्हणाल्या.

“काय, पुरायला?”

“हो. एक दिवस पूर्ण झाकून ठेवायचे. गड्डे घाबरतात. घाबरले की दुप्पट फुलतात.” काकूंचे कान लालभडक झाले होते. “माझ्या माहेरी... एकदा तीन दिवस ठेवले होते. तर एवढी फुलं आली, एवढी मोठी, की मांजर व्यायली त्यात.”

“फुलात?”

“पाच पिल्लं.”

टेलर टाळी वाजवून हसला. “काकू, तुम्हालाही लागण झाली तर!” आणि इस्त्री तापली असेल म्हणत घरात पळाला.

काकू वाफ्याशी गुडघे टेकून बसल्या. बोटांनी माती उकरून त्यांनी एक गड्डा वर काढला आणि कडकन मोडला.

“हा मधला पोकळ, तो टाकायचा. कडेचा कोवळा ठेवायचा. जां म्हणजे जांभळा, पि म्हणजे पिवळा. मुळं मातीत, पाठ बाहेर. पाठीला ऊन लागलं नाही तर कुजतात.”

“ठाऊक आहे मला,” काका म्हणाले. मग मोडलेला गड्डा हातात फिरवून म्हणाले, “नाही ठाऊक.”

“माहितीय.”

“केव्हापासून?”

“तुमचा न्हावी सांगून गेला. हसत होता मेला.”

काकांनी मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं. दाराची कडी उन्हात चमकत लोंबत होती. काकूंनी त्यांची नजर पाहिली. एका दिवसात दोन थापा मारायची त्यांची ताकद नव्हती, आणि कडी लावणार नाही असं वचन देण्याइतकं पुढचं त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांनी खुरपं उलटं धरलं आणि त्याच्या मुठीनं बादलीवर ठोकलं. दोनदा.

काकांनी पुढचा गड्डा उचलला, मुळं खाली सोडली, आणि पाठ उघडी राहील एवढीच माती ओढली.